चादरवाले

रंजनाच्या घरी चादरवाल्यांची मॅच असली की सोफ्यावर एक जुनी, हिरव्या-पांढऱ्या चौकड्यांची चादर पसरतात. चादरवाले म्हणजे क्रोएशियाची फुटबॉल टीम. आता त्यांच्या शर्टावरच्या चौकड्या लाल-पांढऱ्या असतात हे सुरतमधल्या पर्वत पाटियाच्या तिच्या सोसायटीतल्या वॉचमनलाही ठाऊक आहे, पण रंजनाच्या घरात त्या हिरव्याच. मागे एकदा तिच्या नऊ वर्षांच्या लेकीने, अनुजाने, न राहवून आजोबांना विचारलंच, "नाना, अपनी टीम तो रेड है ना? फिर ये चादर ग्रीन क्यों?"

भाईदासनाना टीव्हीपुढे मांडी ठोकून बसले होते. कानातलं मशीन नेहमीसारखं शर्टाच्या खिशात. नातीचा प्रश्न त्यांनी तिच्या ओठांवरून वाचला आणि शांतपणे सांगितलं, "टीव्हीचा रंग बिघडलाय. दुरुस्तीवाल्याला बोलवा."

संपला विषय. या माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. अनुजा पाय आपटत स्वयंपाकघरात आली आणि आईच्या मागे लागली, की खरं काय ते सांग, नाहीतर मी जेवणार नाही. रंजनाने पोळ्या लाटता लाटता तिला सांगितलं. सांगताना दोन पोळ्या करपल्या, त्या सौरभरावांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या ताटात गेल्या. पण गोष्ट काही अर्धवट सोडली नाही तिने.

तर जपान-कोरियातला वर्ल्डकप होता त्या वर्षी. रंजनाही तेव्हा नऊ वर्षांचीच होती, आणि वर्ल्डकपशी तिचं काडीचं देणंघेणं नव्हतं. तिच्या जिवाला वेगळाच घोर लागला होता. जूनच्या मध्यावर आजी, धुरपदाबाई, तिला न्यायला येणार होती. सुट्टीपुरती नाही. कायमची.

सुरतच्या भेस्तानमधल्या त्यांच्या चाळीत हे काही जगावेगळं नव्हतं. निम्मी चाळ खानदेशातली. नवरा लूमवर, म्हणजे कापड विणायच्या मागावर उभा, बायको घरात साड्यांना खडे चिकटवतेय, आणि शाळेच्या वयाचं पोर गावी आजीजवळ, असं घरोघरी चालायचं. भाईदासची खोली एवढीशी. तिच्यात भाईदास, त्याची बायको कमल, रंजना, आणि भाईदासचा धाकटा भाऊ गजेंद्र. वर कमलला दिवस गेलेले. अमळनेरजवळच्या गावात आजी एकटी, शाळा तिच्या दारासमोर. सगळं कसं नीट जुळत होतं. दिवाळीत भाईदासने आईला शब्द देऊन टाकला होता, आणि भाईदास आईच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता.

रंजनाला जायचं नव्हतं. आजी काही वाईट नव्हती हो, उलट फार मायाळू. पण पोरीला रात्री आईच्या पदराचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोप येत नसे, तिचं काय करायचं? आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पप्पाच्या मनात काय आहे तेच तिला कळत नव्हतं. आपण गेलो तर त्याला वाईट वाटेल, की खोली मोकळी झाली म्हणून बरं वाटेल? विचारावं तर कसं? भाईदास बोलतच नसे.

मुका नव्हता तो. पण ज्या माणसाने लूमच्या कारखान्यात आयुष्य काढलंय त्याला एकदा बघा. तिथे एकाच वेळी एवढी मशीनं खडखडत असतात की शेजारचा माणूस कानाशी ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून कारागिरांनी हातांची भाषा बसवलेली. दोन बोटं कात्रीसारखी चालवली की धागा तुटला. मिशीला पीळ दिला की मास्तर आला. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. दोन्ही हातांनी कापड फाडल्यासारखं केलं की ताका, म्हणजे विणलेलं ठाण, रिजेक्ट. बारा तास असं हातांनी बोलून माणूस घरी आला की त्याच्या जिभेला गंज चढलेला असतो. भाईदास घरीही हातांनीच बोलायचा. मीठ कमी आहे, पाणी दे, दार लाव, सगळं हातांनी. रंजना बोलायला शिकली आणि ही भाषाही शिकली, दोन्ही एकदमच.

त्या आठवड्यात भाईदासची रातपाळी होती. रातपाळीचा माणूस दिवसा झोपतो, आणि त्याची झोप राखायची म्हणजे घरातल्यांनी दिवसभर श्वास रोखून बसायचं. हे राखणीचं काम रंजनाकडे होतं. गल्लीत पोरं ओरडली की धावत जाऊन त्यांना गप्प करायचं, कुकरची शिट्टी होण्याआधी गॅस बंद करायचा. भाईदास भिंतीकडे तोंड करून ती हिरव्या चौकड्यांची चादर डोक्यावरून घेऊन झोपलेला असायचा. चादर गजेंद्रकाकाने आणली होती. तो पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये होता, आणि छपाईत रंग फुटलेला माल तिथे कामगारांना मिळायचा. चादरीच्या एका कोपऱ्यात हिरवा रंग ओघळला होता, बाकी माल एक नंबर.

सोमवारी मिलला सुट्टी होती. दुपारी बारा वाजता गजेंद्रकाकाने टीव्ही लावला. टीव्ही काळा-पांढरा, जुन्या बाजारातून आणलेला, आवाजाचं बटण शून्यावर. समोर फुटबॉल चाललेला. काका चॅनेलचं बटण फिरवणार तेवढ्यात थांबला. त्याने टीव्हीकडे पाहिलं, मग भिंतीकडे झोपलेल्या भावाकडे पाहिलं, आणि परत टीव्हीकडे.

"रंजने," तो हळूच म्हणाला, "तुझ्या पप्पाची चादर खेळतेय बघ."

खरंच की. एका टीमच्या अंगावर तशाच मोठ्या मोठ्या चौकड्या. काळ्या-पांढऱ्या टीव्हीत रंग कुठला दिसायला? पण चौकडी तीच, मग रंगही तोच, हिरवा. यात शंका घ्यायचं कारणच काय? काकाने तिथल्या तिथे निकाल दिला की ही आपली टीम. देशाचं नाव खाली इंग्रजीत येत होतं, ते दोघांनाही धड वाचता येईना. म्हणून चादरवाले.

आवाज नाही, बोलायची बंदी, कारण शेजारी रातपाळी झोपलेली. मग काका-पुतणी हातांनी बोलू लागले. छातीवर उभ्याआडव्या रेघा ओढल्या की चादरवाले. पोटावर हात फिरवला की रेफरी, कारण कारखान्यात ती खूण सेठची, आणि मैदानात सेठसारखा हुकूम सोडणारा तोच. गोल कसा दाखवायचा यावर जरा अडलं, मग काकाने दोन बोटांची कात्री केली. जाळीत बॉल गेला म्हणजे धागा तुटला. फुटबॉलचे नियम रंजनाला असे कळले, एकही शब्द न ऐकता. आजही तिला ऑफसाइड तोंडाने समजावून सांगता येत नाही, हातांनी मात्र बरोबर सांगते.

उत्तरार्धात चादरवाल्यांच्या एका खेळाडूला रेफरीने बाहेर काढलं, आणि समोरच्या मेक्सिकोला पेनल्टी मिळाली. काका कपाळाला हात लावून बसला. रंजनाला वाटलं, अरेरे, याची नोकरीच गेली. मेक्सिकोवाल्याने बॉल मारला. आणि रंजना काकाकडे बघणार, तोच तिला भिंतीकडून एक हात बाहेर आलेला दिसला. चौकड्यांच्या चादरीतून. त्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी चालली. धागा तुटला.

बघा म्हणजे काय माणूस आहे. पोरगी गल्लीभर धावून याची झोप राखतेय, आणि हा चादरीच्या फटीतून मॅच बघतोय. काका तोंडात टॉवेल कोंबून हसला. तेवढ्यात कमल नळावरून पाण्याची घागर घेऊन आत आली, आणि चादर गप्पकन घोरायला लागली.

"रात्री मशीनवर पेंग आली आणि हात गेला, तर मग समजेल," कमल घागर आदळत म्हणाली. घोरणं थांबलं नाही. मॅच चादरवाले हरले. पण त्या दिवशी संध्याकाळी कामावर निघताना भाईदास दारात थांबला, रंजनाकडे वळला, छातीवर उभ्याआडव्या रेघा ओढल्या आणि भुवई उडवली. पुढची कधी, असं विचारत होता. रंजनाने कॅलेंडरवर बोटाने शनिवार दाखवला. तो मान हलवून गेला. बाप आपल्याशी काहीतरी बोलला, ते मीठ-पाण्याचं नव्हतं, एवढ्यावरच पोरीला रात्रभर आनंद पुरला.

पण शनिवारपर्यंत पाळी बदलली. आता भाईदास दिवसा मशीनवर, आणि मॅच दुपारी अडीचला, तीही इटलीशी. कामावर जाताना भाईदास टीव्हीकडे एकदा बघून गेला. रंजनाने ते बघणं ओळखलं. दुपारी तिने मॅच पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली, एकटीने. पापणी लवू दिली नाही, कारण तिला एक काम होतं. चारनंतर पप्पाला चहाची किटली नेऊन द्यायची असायची. त्या किटलीबरोबर आज मॅचही न्यायची होती.

मॅच संपली तशी ती किटली घेऊन पळत सुटली. निम्मा चहा रस्त्यात सांडला. कारखान्याच्या दारातून आत शिरलं की आवाज अंगावरच यायचा, पायाखालची फरशी थरथरायची. भाईदास आपल्या मशीनांच्या मधल्या गल्लीत उभा होता, केसांत कापसासारखे धाग्यांचे तंतू. त्याने तिला पाहिलं, आणि किटलीकडे न बघता छातीवर रेघा ओढल्या.

रंजना कोपऱ्यातल्या रिकाम्या खोक्यावर चढली आणि सुरू झाली. इटलीने बॉल जाळीत घातला, कात्री. भाईदासचा चेहरा पडला. थांबा, थांबा, पोट चोळलं, रेफरी आला, आणि फर्रकन कापड फाडलं, ताका रिजेक्ट. भाईदासचा जीव भांड्यात पडला. पण मग इटलीने पुन्हा घातला, आणि हा ताका पास झाला. आता शेजारच्या मशीनांवरचा सुकदेवही बघू लागला. त्याच्या पलीकडचाही. रंजनाने छातीवर चौकड्या ओढल्या, खोक्यावरच धावून दाखवलं, लाथ मारली, कात्री. एकेक झाले. आणि लगेच, श्वास घ्यायला वेळ न देता, परत चौकड्या, परत लाथ, परत कात्री. चादरवाले पुढे. त्या प्रचंड खडखडाटात सुकदेवने दोन्ही हात वर करून काय आरोळी ठोकली कुणास ठाऊक, कुणालाच ऐकू गेली नाही. शेवटी इटलीने आणखी एकदा जाळी गाठली होती. रंजनाने मुद्दाम कात्री हवेत तशीच धरून ठेवली. आख्खी रांग डोळे फाडून तिच्या दोन बोटांकडे बघत होती. मग तिने सावकाश पोट चोळलं आणि टराटरा कापड फाडलं. रिजेक्ट.

भाईदास हसला. मोठ्याने, दात दिसतील असा. रंजनाने बापाला असं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आणि त्याच्या पाठीमागे खराच धागा तुटला होता. एक नाही, पुष्कळ. ते जुनं मशीन धागे तुटले तरी आपलं आपण थांबत नसे, ते चालतच राहिलं, आणि कापडाला लांबच लांब चीर पडत गेली. कारागिराची नजर मशीनवर हवी, आणि इथे सगळ्या नजरा खोक्यावर. मास्तर आत आला ते कुणाला दिसलं नाही, कुणी मिशीला पीळही दिला नाही. त्याने एकदम मशीन बंद केलं, बिघडलेलं कापड ओढून भाईदासच्या तोंडासमोर धरलं, मग रंजनाकडे बोट केलं आणि मग दाराकडे. एवढं सांगायला कुठलीच भाषा लागत नाही. भाईदासचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्याने मान खाली घातली आणि धागे जोडायला बसला. लेकीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

रंजना रडत घरी आली. कमलने सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "तुझ्या पप्पाच्या ताक्यात आजवर खोट निघाली नव्हती गं." तिला बिचारीला समजूत काढायची होती, पण वाक्य नेमकं जखमेवर बसलं. आता तर पप्पा आपल्याला नक्कीच पाठवणार, असं पोरीने मनाशी धरलं. रात्री भाईदास जेवला, हात धुतले आणि आडवा झाला. तिच्याशी नजर मिळवली नाही.

दोन दिवसांनी तो बाजारातून एक नवी बॅग घेऊन आला. निळी, चेन असलेली. कमलच्या पुढ्यात ठेवली आणि रंजनाच्या कपड्यांकडे हात केला. झालं, म्हणजे ठरलंच. गजेंद्रकाकाने एकदा तोंड उघडून पाहिलं. "भाऊ, राहू दे ना पोरीला. मी झोपेन बाहेर ओट्यावर." भाईदास म्हणाला, "मायला शब्द दिलाय." आणि ओट्यावर जाऊन बसला, बराच वेळ. रंजना आतून त्याच्या पाठीकडे बघत होती. पाठीवरून माणसाच्या मनातलं कळलं असतं तर काय हवं होतं.

आजी आली. येताना कळण्याचं पीठ, खारवलेल्या मिरच्या आणि नातीसाठी चांदीच्या तोरड्या घेऊन आली. म्हातारी खुशीत होती. आता तिच्या घरात रात्री दुसऱ्या कुणाचा तरी आवाज असणार होता. तिने रंजनाच्या पायात तोरड्या घातल्या, कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. रंजनाला रागही धड करता येईना. मायेने नेणाऱ्या माणसावर रागवायचं तरी कसं?

गुरुवारी संध्याकाळची भुसावळ पॅसेंजर. उधना स्टेशनवर ही गर्दी. भाईदास आपली मशीनं सुकदेवच्या हवाली करून आला होता, अंगावर कामाचाच शर्ट. त्याने आजीला खिडकीजवळ जागा मिळवून दिली, त्यासाठी एका जाड माणसाशी हातवारे करून भांडला. बॅग वर ठेवली, पाण्याची बाटली भरून आणली, बिस्किटाचा पुडा रंजनाच्या मांडीवर ठेवला. मग खाली उतरून खिडकीपाशी उभा राहिला. हातांनी सांगत होता, खिडकीबाहेर हात काढू नको, पाणी पी, आजीजवळ झोप. रंजना त्याच्याकडे बघेना. तिने मान फिरवून समोरच्या बाकावर नजर लावली. तिथे एक बाई शेंगा सोलत होती. तिला एकच कळत होतं, की पप्पाला आपण नको आहोत, आणि हे उगाच पाणी पी, पाणी पी चाललंय.

सिग्नल पडला. भाईदासचे हात थांबले. तो खिडकीच्या गजांना कपाळ टेकवून आईच्या कानाशी वाकला.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. लूमवर वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाला स्वतःचा आवाज पोचत नाही. आपण किती मोठ्याने बोलतोय याचा त्याला पत्ताच नसतो. भाईदासच्या मते तो आईच्या कानात कुजबुजला. अगदी हळू, पलीकडे बसलेल्या लेकीलाही कळू नये इतकं हळू.

"माय, माले तिनाबिगर करमत नही. तुले शब्द दिधा व्हता, पन माले जमत नही."

 शेंगा सोलणाऱ्या बाईचा हात तसाच थांबला. फलाटावरचा चहावाला किटली घेऊन जागीच उभा राहिला, दोन डबे पलीकडे कुणीतरी दारातून वाकून बघू लागलं. आणि आपल्या खानदेशच्या गाडीत अहिराणी न कळणारा असा होता तरी कोण? रंजनाने मान वळवली. बाप गजांना चिकटून उभा होता, डोळे गच्च मिटलेले, आणि पुढचंही कुजबुजतच सांगत होता.

"ती घरमा नही ऱ्हायनी तर मी कोणासंगे बोलू?"

धुरपदाबाईने लेकाकडे पाहिलं. तिच्या या पोराने लहानपणापासून तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. वही मागितली नाही, चप्पल मागितली नाही, सुरतला निघाला तेव्हा भाकरीसुद्धा मागितली नव्हती. तिने गजांतून हात बाहेर काढून त्याच्या गालाला लावला. तिचा चेहरा क्षणभर उतरला, नाही असं नाही. म्हातारीच्या खोलीतलं माणूस कमी होत होतं. पण ती म्हणाली ते वेगळंच.

"मंग उतारी ले ना तिले. गाडी सुटी राहिनी." आणि नातीला जवळ ओढून तिच्या कपाळाचा मुका घेत म्हणाली, "दिवाळीले मात्र येजो, काय?"

पुढचं सगळं डब्यानेच केलं. ज्या जाड माणसाशी भाईदास जागेवरून भांडला होता, त्यानेच उठून निळी बॅग काढली. शेंगावाल्या बाईने रंजनाच्या दोन्ही मुठी शेंगांनी भरल्या. गाडी हलायला लागलेली, वाटेत माणसंच माणसं, मग त्या लोकांनी पोरीला उचललं आणि हातोहात दारापर्यंत पोचवलं. एक जण डोळे पुसत होता आणि दुसऱ्याला सांगत होता की धूर गेला. पॅसेंजरला इंजिन डिझेलचं की विजेचं याचीही त्याने फिकीर केली नाही. खाली फलाटावर भाईदास दाराबरोबर धावत होता. त्याने रंजनाला कडेवर घेतलं, नऊ वर्षांच्या घोडीला, आणि फलाट संपेपर्यंत आईच्या खिडकीबरोबर धावला. आजीचा हात लांबवर दिसत राहिला.

त्याच वेळी तिकडे चादरवाल्यांची तिसरी मॅच चालू होती. बाप-लेकीने ती पाहिलीच नाही. चादरवाले हरले आणि वर्ल्डकपमधून बाहेर पडले, हे गजेंद्रकाकाने नंतर सांगितलं. तो बिचारा दारात मान पाडून बसला होता, आणि त्या दोघांना बॅगेसकट परत आलेलं बघून हरल्याचं सांगायचंच विसरला.

पण ते नंतर. आधी ती दोघं स्टेशनाबाहेर आली. भाईदासच्या एका हातात बॅग, दुसऱ्या हातात लेकीचा हात.  त्याला लोकांचं नवल वाटत होतं. मघाशी जागेसाठी भांडणारा माणूस एकदम बॅग काय काढून देतो, अनोळखी बाई शेंगा काय देते. सुरतच्या माणसांना आज झालंय तरी काय? चालता चालता त्याला शंका आली. तो थांबला, खाली वाकला, आणि लेकीच्या कानाशी तोंड नेऊन त्याच्या मते अगदी हळू विचारलं, "मी मायला बोललो ते कोणी ऐकलं नाही ना?"

रस्त्यावरची चार माणसं वळून बघू लागली. एक रिक्षावाला हसला.

रंजनाने शेंगांची मूठ फ्रॉकच्या खिशात रिकामी केली आणि बापाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, म्हणजे त्याला ओठ नीट दिसावेत.

"नाही पप्पा," ती म्हणाली. "मलाच ऐकू आलं."